आप्पा, एक नग

मी तीस वर्षे टाइपिस्ट आहे, आणि चांगला टाइपिस्ट मजकूर वाचत नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, धंद्याचे मर्म म्हणून सांगतो. वाचायला लागले की बोटे अडखळतात, मग मजकूर पटतो किंवा पटत नाही, आणि टाइपिस्टला मजकूर न पटणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही. समोरचा बोलतो, ते माझ्या कानातून शिरते आणि बोटांतून बाहेर पडते. मध्ये माझा काही संबंध येत नाही. उशिरा येण्याबद्दल खुद्द मलाच दिलेला मेमो मी एकही चूक न करता टाइप करून साहेबांच्या सहीला नेऊन दिला होता. पुढे जे घडले ते माझ्या या गुणामुळे घडले, एवढे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेणार नाही.

साथ संपली. मास्क तोंडावरून खिशात आणि खिशातून खुंटीवर गेले. आता पुन्हा ऑफिस सुरू होणार म्हणून मी जेवणाचा डबा घासूनपुसून ठेवला, तोच कंपनीचे परिपत्रक आले. 'भविष्यातील कार्यपद्धती' असे त्याचे भारदस्त नाव होते. ऑफिसची इमारत दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली होती, आणि 'यापुढे सर्व लिपिकवर्गाने कायमस्वरूपी घरकाम करावे' असा आदेश होता. हे टाइप करणारा माझ्याच घडणीचा असणार. त्याला 'घरून काम' म्हणायचे होते. बायकोने ते पत्रक दोनदा वाचले, फ्रिजवर लावले, आणि कंपनीचाच हुकूम आहे म्हणून भांडी त्या दिवसापासून माझ्याकडे आली. ती अजून आहेत.

परिपत्रकाला दुसरे पान होते. बोललेले आपोआप टाइप करणारे यंत्र लवकरच येत आहे, तरी कर्मचाऱ्यांनी भविष्याला हसतमुखाने सामोरे जावे, असे त्यात म्हटले होते. हे पान मात्र कोणी फ्रिजवर लावले नाही. माझे वय तेव्हा सत्तावन्न होते.

आता घरात ऑफिस थाटायचे कुठे? बाहेरच्या खोलीत बायकोचा शिवणवर्ग आहे. साथीत तो फोनवर गेला आणि फोनवरच राहिला. पूर्वी सहा मशिने खडखडायची. आता एकाच मशीनसमोर फोन उभा करून ती दिवसभर न दिसणाऱ्या बायकांना बाह्या जोडायला शिकवत असते. मी पहिले चार दिवस तिथेच कोपऱ्यात बसलो. चौथ्या दिवशी विभागप्रमुखांनी संचालक मंडळाला पाठवलेल्या पत्रात 'काखेत चुण्या पडू देऊ नका' हे वाक्य गेले. मंडळाने त्याचा अर्थ काय लावला ते कळले नाही, पण मला तिथून उठणे भाग होते.

राहिली आप्पांची खोली. आप्पा म्हणजे माझे वडील. वय त्र्याऐंशी. एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी अडतीस वर्षे टाइमकीपरचे काम केले. कोण किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे वहीत लिहिण्यात त्यांचा उमेदीचा काळ गेला. शेवटच्या दोन वर्षांत तिथे कार्ड घालायचे यंत्र आले आणि आप्पांना यंत्राशेजारी एक स्टूल मिळाले. यंत्राला वेळ कळते, उशीर कळत नाही, असे ते अजून म्हणतात.

मी त्यांच्या खिडकीखाली टेबल लावले. त्यांना बरे वाटले, पण तसे त्यांनी दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी मी खोलीत शिरलो तर ते पलंगावर वही उघडून बसले होते.

"दहा वाजून आठ मिनिटं," ते म्हणाले.

मी म्हटले, आप्पा, मी स्वयंपाकघरातून येतोय. ते म्हणाले, कुठून येतोस हा प्रश्न नाही, उशीर का झाला ते सांग. मी खरे ते सांगितले. त्यांनी माझ्या नावापुढे सुवाच्य अक्षरात 'भांडी' असे लिहिले, आणि आमचे ऑफिस सुरू झाले.

आप्पा दिवसभर खोलीतच असत. साथीपूर्वी ते दोन्ही वेळा बागेत फिरायला जायचे. आता चहासुद्धा पलंगावरच घेत. जेवणाचे ताट आतच नेऊन द्यावे लागे. वयच झाले आता, असे आम्ही नवराबायको एकमेकांना सांगायचो आणि आपापल्या कामाला लागायचो.

अशात कंपनीकडून अकरा पानांचा फॉर्म आला. घरात बसून काम करताना माझ्या अंगावर काही पडले तर विमा कंपनीला आधी माहीत असावे, म्हणून खोलीची सविस्तर माहिती हवी होती. सातव्या पानावर 'खोलीतील न हलणाऱ्या वस्तू' असा तक्ता होता. वस्तू, नग, वय आणि स्थिती असे चार रकाने. माझी बोटे तयारच होती. मी आतूनच बायकोला विचारले, आप्पांच्या खोलीत न हलणारे काय काय आहे गं?

तिच्या तोंडात टाचण्या होत्या आणि फोनवर वर्ग चालू होता. तिने तशाच तोंडाने सांगितले, "कपाट, पलंग आणि आप्पा."

हा विनोद होता. चांगला असावा, कारण फोनवरच्या बायका हसल्या. पण मी टाइप करत होतो. भिंतीतले कपाट, एक नग, चाळीस वर्षे, स्थिती बरी. लोखंडी पलंग, एक नग, एकतीस वर्षे, स्थिती कुरकुरतो. आप्पा, एक नग, त्र्याऐंशी वर्षे. स्थिती विचारल्यावर बाहेरून आवाज आला, तुमच्यापेक्षा बरी. तेही गेले.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने पत्र आले. मी कानाला हेडफोन लावून विभागप्रमुखांचे बोलणे उतरवत होतो, म्हणून पोस्टमनला गॅलरीत येऊन आप्पांच्या खिडकीतून हाक मारावी लागली, आणि सही करून पत्र घेतले आप्पांनीच. जुन्या सवयीने उघडून वाचलेही. समासात 'वाचले' असे लिहून, तारीख घालून ते त्यांनी माझ्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवले. पाच वाजता माझी सुटी झाल्यावर मी पाहतो तो आप्पांची बॅग पलंगावर, आणि बॅगेत धोतरांच्या घड्यांवर हजेरीची वही.

"तुझ्या बहिणीला कळव," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत हलायचं आहे."

पत्रात लिहिले होते की अनुक्रमांक तीनवरची वस्तू (आप्पा, एक नग) साठ वर्षांहून जुनी असल्याने विम्याच्या नियमांप्रमाणे धोकादायक आहे. ती पंधरा दिवसांत खोलीतून हलवावी. न हलवल्यास घरून काम करण्याची परवानगी रद्द होईल. ऑफिस तर उरलेच नव्हते. घरून काम नाही म्हणजे कामच नाही, हे मला कळले तसे आप्पांनाही कळले होते.

मी हसत हसत सगळा घोटाळा सांगितला. बायकोने येऊन हात जोडले, विनोद आपलाच होता म्हणाली. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले की हे सगळे तोंडी झाले. हुकूम लेखी आहे, आणि लेखी हुकूम लेखीच रद्द होतो. या माणसाने एकदा पास नाही म्हणून कारखान्याच्या मालकाला फाटकाबाहेर वीस मिनिटे उभे केले होते; माझ्यासारख्या टाइपिस्टचे काय चालणार?

"आणि हुकूम काही चुकीचा नाही," बॅगेचा पट्टा ओढत ते म्हणाले. "खोली तुझ्या कामाची आहे. माझं तिथं काय काम आहे?"

त्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागले. माझी बहीण दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. ती प्रेमळ आहे, तिचे घर मोठे आहे, पण तिच्या घरातल्या चार घड्याळांत चार वेगळ्या वेळा असतात, आणि तिथे पाचव्या दिवसापासून आप्पांना झोप लागत नाही. मला आप्पांना जाऊ द्यायचे नव्हते. पंधरा दिवसांत कंपनीकडून उलटा कागद आणायचा, एवढे ठरवून मी कामाला लागलो.

आमच्या खालच्या मजल्यावर पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांना इमारतीत 'परिशिष्ट' म्हणतात, कारण त्यांचे बोलणे संपल्यासारखे वाटते तेव्हा पुरवणी सुरू होते. न बोलावता ते वर आले. त्यांचा सल्ला असा की अर्ज तीन प्रतींत करावा. तो ऐकून मी दार लावणार तोच त्यांनी सुचवले की आप्पांचे वय एकोणसाठ दाखवावे. दार लावल्यावर बाहेरून ते म्हणाले की नाहीतर आप्पांना भिंतीत धरावे. भिंतीला वयाची अट नसते.

मी कंपनीच्या सुविधा विभागाला फोन लावला. एका बाईंनी घेतला. त्याही घरूनच काम करत असाव्यात, कारण मागे कुकरची शिटी झाली. त्यांनी विचारले, अनुक्रमांक तीन हे यंत्र आहे की फर्निचर? मी म्हटले, वडील आहेत. मागे कुकरची आणखी एक शिटी झाली.

"तुम्ही वडिलांना वस्तूंच्या यादीत घातलंत?" त्या म्हणाल्या.

मी म्हटले, टाइप करताना गेले. नोंद खोडून टाका, म्हणजे झाले. त्या म्हणाल्या, खोडता येत नाही.

"एकदा वस्तू म्हणून नोंद झाली की तिचा माणूस करायची सोय नाहीये हो. इथं तीनच पर्याय येतात. 'हलवली', 'मोडीत काढली' आणि 'दुरुस्त केली'."

पहिले दोन त्यांनीच घाईने ओलांडले. तिसऱ्यासाठी दुरुस्तीच्या आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि दुरुस्त करणाऱ्याची हमीसह पावती लागते, असे त्यांनी सांगितले. मी विचारात पडलो. बायको मात्र म्हणाली, आप्पांचा चष्मा तीन वर्षं फुटलेलाच आहे, दोरा बांधून चालवताहेत. चष्मा करून आणा, ती दुरुस्तीच झाली. शिवणारी माणसे सरळ विचार करतात.

मी लगेच आप्पांना चपला घाला म्हणालो. ते उठले नाहीत. त्यांनी दाराकडे बोट केले.

दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर त्यांचा पंचा असतो. मी तो बाजूला केला. मागे एक कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या. 'पुढील सूचना मिळेपर्यंत आप्पांनी खोलीबाहेर येऊ नये.' खाली बायकोच्या पेन्सिलीने 'न्हाणीघर वगळून'. त्याखाली माझी सही. तारीख साथ नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची.

"पुढील सूचना आली नाही," आप्पा म्हणाले.

तेव्हा साथ नवीनच होती, आप्पांच्या काळजीने आमचा जीव थाऱ्यावर नव्हता, ते सारखे इमारतीच्या फाटकापर्यंत जाऊन येतात म्हणून बायकोने सांगितले आणि मी टाइप केले होते. टाइप केले आणि विसरून गेलो. मी विचारले, साथ संपून इतके दिवस झाले, तुम्ही बोलला का नाहीत?

"आधी वाटलं, विसरलात. मग वाटलं, मुद्दामच असेल. म्हटलं, असू दे."

मला लाज वाटली, आणि ती मी लपवू शकलो नाही. बायको दारात उभी होती, ती डोळे पुसत आत गेली. आम्ही ज्याला त्यांचे वय म्हणत होतो ते माझ्याच सहीचे एक वाक्य होते. मी कागद फाडायला हात घातला, तर आप्पांनी मला थांबवले. कागद फाडायचा नसतो. त्यांनी पेन दिले. मी आडवे 'रद्द' लिहिले, सही केली, तारीख घातली. वेळ राहिली, म्हणाले. मी वेळ घातली, दहा चाळीस. मग ते उठले आणि चपला शोधू लागले.

चपलांनी पायरीवरच प्राण सोडला. तीन वर्षे पडून त्यांचे तळ सुटले होते. म्हणून आधी चांभार, मग चष्मेवाला. आधीचा फोटो परिशिष्टकाकांनी काढला. त्यांच्या मते आप्पा फार चांगले दिसत होते आणि त्यामुळे दुरुस्तीची गरज सिद्ध होत नव्हती, म्हणून त्यांनी आप्पांना खांदे पाडायला लावले. चष्मेवाल्याने पावतीवर 'वस्तू: आप्पा' लिहायला बरेच आढेवेढे घेतले. शेवटी त्याने लिहिले: दोन्ही काचा बदलल्या, दांडी नवीन, हमी एक वर्ष. आप्पांनी नव्या चष्म्यातून पहिली गोष्ट वाचली ती ही पावती.

"एक वर्ष," ते म्हणाले. "डॉक्टर कधी सहा महिन्यांच्या पुढं बोलला नाही."

दुकानातच नंतरचा फोटो काढला आणि सगळे पाठवून दिले. चौदाव्या दिवशी उत्तर आले की नंतरचा फोटो मूळ जागेवर घेतलेला नाही. उद्या पाचपर्यंत योग्य फोटो न आल्यास वस्तू हलवली नसल्याचे समजून कारवाई होईल.

पंधराव्या दिवशी दुपारी मी फोन घेऊन खोलीत धावलो, तर वस्तू जागेवर नव्हती. जेवण झाल्यावर दोनच्या सुमारास बाहेर पडली होती, असे बायको म्हणाली. मी चष्मेवाल्याकडे गेलो, चांभाराकडे गेलो. चांभाराने बागेकडे हात केला. आप्पा तिथे बाकावर वही घेऊन बसले होते. बागेत रोज कोण किती वाजता फिरायला येते ते लिहून घ्यायला त्यांनी चार दिवसांपूर्वीच सुरुवात केली होती, आणि एक जाडजूड गृहस्थ त्यांच्यापुढे उभे राहून आज उशीर का झाला ते सांगत होते. मी म्हटले, आप्पा, घरी चला, पाचच्या आत फोटो हवा. ते म्हणाले की चारपर्यंत इथली ड्यूटी आहे. मी शेजारी बसून राहिलो. सव्वा तीनला मी चिडलो होतो. चारपर्यंत मला वहीतले सगळे लोक नावाने माहीत झाले.

चारला ते उठले, आणि पलंगावर बॅगेशेजारी ताठ बसलेला त्यांचा फोटो मी चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी पाठवला. आप्पांनी घड्याळ पाहून तशी नोंद केली.

पुढचे आठ दिवस काहीच आले नाही. बॅग तशीच होती. सकाळी आप्पा तिच्यातून कपडे काढत आणि संध्याकाळी घडी करून परत ठेवत. बहिणीचा फोन येऊन गेला, खोली तयार आहे म्हणाली. मी मजकुराकडे लक्ष नसताना टाइप करतो म्हणून माझी ख्याती आहे, पण त्या आठवड्यात मी 'विनंती' हा शब्द सात वेळा चुकवला.

नवव्या दिवशी रजिस्टर पोस्ट आले. आप्पांनी सही केली, चष्मा पुसला आणि उभ्यानेच वाचले. अनुक्रमांक तीनवरची वस्तू दुरुस्तीनंतर वापरास योग्य असल्याचे आढळले आहे, ती आहे त्याच जागी ठेवावी, हलवू नये, दर वर्षी फेरनोंद करावी. खाली पेनाने कोणीतरी लिहिले होते, 'चष्मा शोभून दिसतो.'

"वापरास योग्य," आप्पांनी मोठ्याने वाचले. मग म्हणाले, "रिटायर झालो तेव्हा असं कोणी लिहून दिलं नव्हतं."

समासात 'वाचले' लिहून त्यांनी ते पत्र कपाटात ठेवले, आणि बॅग रिकामी केली. बायको मदतीला गेली तर नको म्हणाले. त्यांनी एकेक धोतर सावकाश लावले.

याला आता वर्ष झाले. यंत्र आले. आम्हा चार टाइपिस्टांपैकी तिघांना कंपनीने निरोपाचे पत्र दिले. ती तिन्ही पत्रे यंत्राने टाइप केली. मला ठेवले, कारण यंत्र माझ्यासारखेच निघाले. कानावर येईल ते सगळे घेते, कुकरसकट. त्याने काय लिहिले ते वाचायला माणूस लागतो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी मजकूर वाचतो, आणि हे काम तरी किती दिवस राहील, असे रोज एकदा माझ्या मनात येते. ते मी कोणाला बोलून दाखवत नाही. आप्पांना न सांगता कळत असावे, कारण हल्ली मी उशीर केला तरी ते कारण विचारत नाहीत.

परवा फेरनोंदीचा फॉर्म आला. मी तो छापून आप्पांनाच दिला; त्यांचे अक्षर चांगले आहे. बागेत जायची वेळ झाली होती, म्हणून त्यांनी तो घाईने भरला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि चपला घालून निघून गेले. पाठवण्याआधी मी वाचला.

न हलणाऱ्या वस्तू. भिंतीतले कपाट, एक नग, एक्केचाळीस वर्षे, बरे. लोखंडी पलंग, एक नग, बत्तीस वर्षे, कुरकुरतो. तिसऱ्या ओळीत लिहिले होते: मुलगा, एक नग, अठ्ठावन्न वर्षे. आणि स्थितीच्या रकान्यात, जागा पुरली नाही म्हणून दोन ओळींत: 'वापरास योग्य. हलवू नये.'

मी ते दोनदा वाचले, आणि एकही अक्षर न बदलता पाठवून दिले.